खोडावरची गाठ : कुंडीतील चीडवृक्षाचे निदान आणि उपचार



धार म्हटले की राजा भोज आणि देवास म्हटले की कुमार गंधर्व, हे आपल्याकडे इतके ठरून गेले आहे की या स्मृतिव्याख्यानमालेत इतिहास वा संगीत यांवाचून तिसरा विषय निघाला तर श्रोते किंचित सावरून बसतात. कुंडीतल्या एका झाडाच्या खोडावर आलेली गाठ हा आजचा विषय. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत त्यांनी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकविले आणि त्यांचा आग्रह एकच असे : झाडाला नाव देण्याआधी झाडाकडे पाहा. तेव्हा त्यांच्या नावाच्या व्याख्यानात एखादे झाड जवळून पाहणे अस्थानी ठरू नये.

गाठीला माळव्यात 'गठान' म्हणतात. हा शब्द कानी पडताच मनात रुग्णालय उभे राहते. डॉक्टर म्हणाले गठान आहे, म्हणजे पुढचे न सांगताच कळले, असा आपला अनुभव. हीच भीती आपण झाडावर आरोपित करतो आणि हात नकळत करवतीकडे जातो. परंतु प्राण्याची गाठ आणि झाडाची गाठ यांत एक मूलभूत अंतर आहे. प्राण्याच्या शरीरातील बिघडलेली पेशी सुटी होऊन रक्तावाटे दुसऱ्या अवयवात जाऊन रुजू शकते. वनस्पतीची पेशी मात्र आपल्या भिंतीत चिणलेली असते आणि शेजारणीशी कायमची जखडलेली असते. तिला जागा सोडताच येत नाही. म्हणून झाडावरची गाठ, ती कोणत्याही कारणाने आलेली असो, कर्करोगासारखी अंगभर पसरत नाही. याचा व्यावहारिक अर्थ असा की आपल्याला वेळ असतो. आज गाठ दिसली म्हणून आजच कापली पाहिजे, असे कधीही नसते. तो वेळ निदानासाठी वापरावयाचा, हे मला आज मुख्यत्वे सांगावयाचे आहे.

प्रथम झाडाविषयी थोडे. चीड, संस्कृतात सरल, हा हिमालयाच्या खालच्या उतारांवरचा वृक्ष. सुमारे साडेचारशे मीटरपासून तेवीसशे मीटरपर्यंत त्याची वने आढळतात. हिमालयातील चीडवर्गीय वृक्षांत उन्हाला सर्वांत सरावलेला तोच. देवास आणि धार समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहेत, म्हणजे नुसत्या उंचीकडे पाहिले तर त्याला आपला प्रदेश परका वाटू नये. परका वाटतो तो जमिनीमुळे. चिडीला उतारावरची, पाणी न धरणारी, रेताड जमीन लागते. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते आणि मुळे गुदमरतात. कुंडीत मात्र माती आपल्या हातची असते. मुरूम, जाडी वाळू आणि विटांचा चुरा घातला की चीड माळव्यात जगते, आणि चांगली जगते. उथळ पात्रात झाड वाढवून त्याला वृद्ध वृक्षाचे रूप देण्याच्या कलेला जपानीत 'बोनसाय' म्हणतात. आपल्याकडे 'वामनवृक्ष' हा शब्द चालतो. कुंडी लहान म्हणून झाडाचे आयुष्य लहान, असे मात्र समजू नये. १६२५ पासून कुंडीत असलेला एक जपानी पांढरा चीड १९४५ मध्ये हिरोशिमात अणुबॉम्बमधून वाचला आणि १९७६ मध्ये तो जपानकडून अमेरिकेला भेट देण्यात आला. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात तो पाहावयास मिळतो.

आता खोड जाड कसे होते ते पाहू, कारण गाठीचे सारे मर्म त्यात आहे. सालीच्या आत, लाकडाच्या बाहेर, कागदाहूनही पातळ असा एक जिवंत थर असतो. त्यास ऊतककर म्हणतात. तो आतल्या बाजूस लाकूड तयार करतो आणि बाहेरच्या बाजूस अन्न वाहून नेणारी साल. पाणी मुळांकडून वर जाते ते लाकडातून. पानांनी तयार केलेली साखर खाली येते ती सालीतून. वाट एकाच खोडातली, पण थर दोन. आपल्या शेतकऱ्यांना हे पुस्तकाविना माहीत आहे. डाळिंबाची किंवा लिंबाची गुटी बांधताना फांदीवरची साल बोटभर रुंदीने गोल काढतात. पाणी वर जात राहते म्हणून फांदी वाळत नाही; खाली येणारी साखर मात्र त्या कापावर अडते, वरची कड फुगते आणि तेथूनच मुळे फुटतात. इटलीतील मार्चेल्लो मालपीगी याने सतराव्या शतकात झाडांच्या साली अशाच वर्तुळाकार काढून कापाच्या वरची बाजू फुगते हे नोंदविले होते. तेव्हा गुटी बांधणारा माळी आणि मालपीगी एकाच नियमाचे साक्षीदार आहेत : अन्नाची वाट जेथे आवळली जाते, त्याच्या वर खोड फुगते.

हा नियम हाती ठेवून मी शाळेच्या अंगणातल्या चिडीकडे वळतो. गुरुजींनी बियांपासून वाढविलेले हे झाड त्यांच्या पश्चात घरच्यांनी शाळेला दिले. येथे आल्यावर दुसऱ्या वर्षी, मातीपासून वीतभर उंचीवर खोडाला एका अंगाने फुगवटा दिसू लागला. पुढे तो लिंबाएवढा झाला. माळीकाकांनी तो मला दाखविला तेव्हा म्हणाले, "साहेब, गठान आहे. आत्ताच कापली तर झाड वाचेल, नाही तर बाकीच्या कुंड्यांनाही लागेल." त्यांच्या बोलण्यात काळजी होती आणि काळजी निराधार नव्हती. शाळेतही दोन मते पडली होती. गुरुजींची आठवण म्हणून असलेले झाड कोणी तोडू म्हणेना आणि रोगट झाड ठेवूही म्हणेना.

मी कापू नका म्हटले. पण काय आहे तेही लगेच सांगितले नाही. पंधरा दिवस फक्त पाहिले. गाठीचा घेर, तिच्या वरचा घेर आणि खालचा घेर, असे तीन घेर दोऱ्याने मोजून तारखेसह लिहून ठेवले. गाठ नखाने दाबली तर टणक, लाकडासारखी. मऊ असती, पाणी किंवा दुर्गंधी असती, तर विचार निराळा झाला असता. साल कोठे सुटलेली नव्हती, भुसा नव्हता, छिद्र नव्हते, पिवळी भुकटी नव्हती. सुया, म्हणजे चिडीची पाने, वरच्या भागात हिरव्यागार होत्या आणि खालच्या दोन फांद्यांवर फिकट. मग एक गोष्ट ध्यानात आली : फुगवटा गोल नव्हता. तो तिरका होता आणि खोडाला वळसा घालून मागे जात होता. निसर्गात गाठी सहसा अशा नागमोडी चढत नाहीत. मागच्या बाजूला सालीच्या भेगेत हिरवट डाग होता, जुन्या तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा. शिवणाची सुई भेगेत हळूच घातली ती दोन-तीन मिलिमीटरवर खट्कन थांबली. आत तार होती.

खोडाला वळण देण्यासाठी तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची तार गुंडाळतात आणि काही महिन्यांनी, खोड जाड होऊ लागताच, काढून टाकतात. गुरुजींनी ती मार्गशीर्षात गुंडाळली होती. फाल्गुनात ते अंथरुणास खिळले आणि मग तारेची आठवण कोणाला राहणार? झाडाने मात्र आपला क्रम सोडला नाही. वसंतात एकदा आणि पावसाळ्यात पुन्हा एकदा ते वाढले, तारेला गिळीत गेले, आणि तारेने अन्नाची वाट आवळली. वर फुगवटा, खाली उपासमार; म्हणूनच खालच्या फांद्या फिकट. गाठीत रोग नव्हता. रोग म्हणावयाचाच तर तो गाठीच्या खाली होता, आणि गाठ कापली असती तर तार तेथेच राहून झाडाची उरलीसुरली वाटही गेली असती.

प्रत्येक गाठ तारेचीच असते असे मात्र नाही. चिडीला दरवर्षी एकाच पातळीवर चाकाच्या आऱ्यांसारख्या अनेक फांद्या फुटतात. त्या सगळ्या राहू दिल्या तर तेवढ्या जागी खोड फुगते, कारण प्रत्येक फांदी आपले अन्न तेथेच उतरविते. हा रोग नव्हे, विरळणी न केल्याचा परिणाम होय. कलमी झाडांत जोडाच्या जागी फुगवटा येतो. जपानी पांढरा चीड पुष्कळदा काळ्या चिडीच्या खुंटावर बांधलेला असतो. दोघांची वाढीची गती निराळी, साल निराळी. देवासकरांना हे समजावून सांगावे लागू नये. १९४८ पर्यंत थोरली पाती आणि धाकटी पाती एकाच गावात नांदत होत्या, आणि सीमा कोठे होती हे जुन्या माणसांना बरोबर ठाऊक असे. कलमाचा जोड तसाच जन्मभर ओळखू येतो. त्याला उपचार नाही, गरजही नाही.

कधी खोडावर बारीक कोंबांचा झुबका उठतो आणि त्याच्या बुडाशी गाठ दिसते. बहुतेक चिडींना जुन्या लाकडातून कोंब फुटत नाहीत, परंतु आपला हिमालयी चीड याला अपवाद आहे. वणव्यात जळालेले कोवळे रोप बुडाशी राहिलेल्या सुप्त डोळ्यांतून पुन्हा फुटते. तेव्हा अशा गाठीवर कोंब दिसले की आनंद मानावा. कुंडीतल्या झाडाला खालची फांदी मिळणे हे भाग्याचे. सालीवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर ती वाढ नव्हेच. ते पिठ्या ढेकूण किंवा लोकरी मावा. ओल्या बोळ्याने पुसता येते ते. राळेचा गोळा असेल तर आत जखम किंवा पोखरणारी अळी शोधावी. सप्तपर्णीच्या पानांवर फोड येतात ते आपण सर्वांनी पाहिले आहेत. तेही एका बारीक किड्याने आपल्या पिलांसाठी झाडाकडून बांधून घेतलेले घर असते.

दोन कारणे मात्र गंभीर आहेत. पहिले तांबेरा. गव्हावरचा तांबेरा माळव्यात कोणाला सांगावयास नको. त्याच वर्गातल्या काही बुरशी चिडीच्या खोडात शिरून गोल, लाकडी गाठी करतात. जपानमध्ये या रोगाला 'कोबुब्यो', शब्दशः गाठरोग, असेच नाव आहे. वसंतात अशा गाठीची साल फाटून पिवळी-नारिंगी भुकटी बाहेर पडते, आणि हीच खूण निर्णायक समजावी. ही बुरशी चिडीवरून चिडीवर जात नाही. मध्ये तिला ओकच्या पानांवर मुक्काम करावा लागतो. हिमालयातील चिडीवरच्या तांबेऱ्याला असाच मुक्काम किराइताच्या जातीच्या झुडपांवर लागतो. माळव्याच्या पठारावर ओक नैसर्गिकरीत्या वाढत नाही. म्हणून येथेच बियांपासून वाढविलेल्या झाडाला जपानी गाठरोग होण्याचा संभव नाहीसाच आहे. बाहेरून आणलेल्या झाडाची गोष्ट वेगळी. उत्तर अमेरिकेत तर अशी एक जात आहे की तिला मधला मुक्काम लागतच नाही, ती सरळ चिडीवरून चिडीवर जाते. परदेशी रोपांच्या आयातीसाठी २००३ च्या वनस्पती-विलग्नवास आदेशानुसार परवाना व रोगमुक्ततेचा दाखला लागतो तो अशाच कारणांसाठी. पर्यटनाहून येताना पिशवीत लपवून आणलेले रोप हे कौतुकाचे नसते.

दुसरे कारण जंतूंचे. गुलाब, द्राक्ष, पीच यांच्या बुडाशी खडबडीत गाठी येतात, त्यांना मुकुटगाठ म्हणतात. १९०७ मध्ये अमेरिकेतील अर्विन स्मिथ आणि टाउनसेंड यांनी हा एका मातीतल्या जंतूचा उद्योग आहे असे दाखविले. पुढे सत्तरच्या दशकात उलगडले ते याहून नवलाचे : हा जंतू आपल्या जनुकांचा एक तुकडा झाडाच्या पेशीत सोडतो आणि झाड त्या जनुकांच्या आज्ञेने गाठ वाढवीत जाते, जंतू मेला तरी गाठ वाढते. जनुक पोहोचविण्याची ही टपाल-व्यवस्था माणसाने उचलली. २००२ मध्ये भारतात परवानगी मिळालेल्या पहिल्या बीटी कापसात परका जनुक याच जंतूच्या हाती घातलेला आहे. धार जिल्ह्यातला कापूस पाहताना गुलाबाच्या बुडातली गाठ कोणाला आठवत असेल? असो. चिडीवर हा जंतू निसर्गात क्वचितच आढळतो, तेव्हा शेजारच्या गुलाबावर मुकुटगाठ दिसल्यावाचून त्याचा संशय घेऊ नये.

खोडाच्या उंचवट्यांचा विषय निघाला की धारचा श्रोता मांडवगडची गोरखचिंच काढतोच. आफ्रिकेतून सुलतानांच्या काळी आली असे मानली जाणारी ही झाडे म्हणजे उंचवट्यांचा डोंगर. पण त्यांच्यावरून चिडीचे अनुमान करू नये. गोरखचिंचेचे प्रचंड खोड बहुधा अनेक खोडे एकत्र जुळून झालेले असते, त्यामुळे घड्या आणि फुगवटे हा तिचा स्वभाव. शिवाय तिची साल सोलली तर उघड्या पृष्ठभागावर नवी साल येते, ही शक्ती फार थोड्या झाडांत असते. चिडीला ती नाही. चिडीची जखम कडांकडून, वळकटीसारखी पुढे सरकत, वर्षानुवर्षांनी झाकली जाते. म्हणून मांडवगडला झाडावर नावे कोरणाऱ्या पर्यटकाला गोरखचिंच जो दंड माफ करते, तो चीड करणार नाही. माझ्या मते गोरखचिंचेनेही तो माफ करू नये.

आता उपचार. शाळेच्या चिडीची तार आम्ही पौषात काढली. चिडीवरचे काम माळव्यात थंडीतच करावे. तेव्हा राळ कमी वाहते आणि नवे कोंब अद्याप सुटलेले नसतात. तार उलगडावयाची नाही, पक्कडीने तुकडे करून एकेक उचलावयाची. उलगडताना साल सोबत येते. मागच्या बाजूचा सुमारे ४ सेंटिमीटर तुकडा सालीखाली पूर्ण गेला होता. तो तसाच ठेवला, कारण काढण्याची जखम तारेहून मोठी झाली असती. गाठ छाटली नाही. तिच्या खालच्या फिकट फांद्यांपैकी एक दोन वर्षे मोकळी वाढू दिली. फांदी आपले अन्न आपल्या बुडाखाली उतरवते, तेव्हा खालचे खोड तिच्या कमाईवर जाड होते आणि वरचा फुगवटा आपोआप कमी भासतो. पुढे ती फांदी कापून टाकावयाची. तिला जगविले ते एवढ्याचसाठी. दोन वर्षांत दोऱ्याने मोजलेला खालचा घेर १३ मिलिमीटरने वाढला, गाठीचा ४ मिलिमीटरने. सुयांचा फिकेपणा पहिल्या पावसाळ्यातच गेला. उरलेला उंचवटा दिसू नये म्हणून कुंडी थोडी फिरवून झाडाची दर्शनी बाजू बदलली. त्या वर्षी कुंडी-बदल केला नाही, पेंडही निम्मीच दिली. एका वेळी झाडाकडून एकच काम मागावे.

जेथे कापणे अटळ असते, जसे अनेक फांद्यांच्या जागचा फुगवटा, तेथे एका थंडीत एक फांदी, अशी दोन-तीन वर्षांत विरळणी करावी. कापाला मलम लावावे की नाही यावर वाद आहे. झाड जखम भरून काढीत नाही, तिला आतून भिंत घालून कोंडते, असा सिद्धान्त अमेरिकेतील अॅलेक्स शायगो यांनी १९७७ मध्ये मांडला, आणि मलमाने लाकूड कुजणे थांबत नाही असेही दाखविले. हे मोठ्या झाडांना पटते. कुंडीतल्या झाडाला मात्र माळव्याच्या कोरड्या वाऱ्यात कापाची कड सुकते, आणि कड सुकली तर वळकटी सरकत नाही. म्हणून कडेपुरते मलम मी लावतो. मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो आणि पाणी १० लिटर या प्रमाणाचे बोर्डो मलम बागायतदारांच्या परिचयाचे आहे. चमचाभर लागते, तेव्हा त्याच प्रमाणात थोडेच करावे, धातूच्या भांड्यात करू नये आणि त्याच दिवशी वापरावे.

तांबेऱ्याची पिवळी भुकटी दिसली तर तेथे एवढे सौजन्य नको. गाठ फांदीवर असेल तर गाठीच्या बऱ्याच खाली, निरोगी लाकडात काप घेऊन फांदी काढावी. खोडालाच वेढून असेल तर झाड वाचत नाही. कापण्याआधी गाठीवर ओले फडके गुंडाळावे म्हणजे भुकटी उडणार नाही, आणि तो भाग फडक्यासकट तेथेच जाळून टाकावा. उकिरड्यावर टाकू नये. हत्यारे स्पिरिटने पुसावीत. झाड बाहेरून आलेले असेल तर ते कोठून, कोणत्या वर्षी आले ते कागदावर लिहून नमुना कृषी महाविद्यालयाच्या वनस्पतिरोग विभागाकडे न्यावा. आपल्याला इंदूरचे महाविद्यालय जवळ आहे.